रोगट उसाचं बेणं कोण घेतं?

काकू, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, वय २४. थोरला भाऊ नोकरीला वास्कोला गेला आणि त्याची तीन फुटी खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या गळ्यात पडली. आता मलाच तिचा नाद लागलाय. टाकीत दोन क्लाऊन मासे, एक बबल टिप जातीचा ॲनिमोन म्हणजे समुद्रफूल, आणि मश्रूम, झोआ, एक लेदर असे थोडे मऊ प्रवाळ आहेत. मे महिन्यात वळवाच्या पावसात रात्रभर लाईट नव्हती, त्यानंतर तिसऱ्या दिवशी ॲनिमोनचे आपोआप दोन झाले. मला फार आनंद झाला. व्हिडिओत बघितलंय की ब्लेडनं मधोमध कापलं की एकाचे दोन, दोनाचे चार होतात. आमच्यात ऊस आहे, टिपरी लावणं मला नवीन नाही. बेळगाव-कोल्हापूरला गिऱ्हाईक आहे म्हणतात. पण दोघांतला धाकटा ॲनिमोन सुकत चाललाय, लेदर पंधरा दिवस मिटूनच आहे. गोगलगायी सगळ्या मेल्या, कोळंबीही मेली. मासे मात्र मजेत. पाणी चांगलंच घालतो, दिवाळीत घरी नवा आरओ बसवलाय, तांब्याचा गुण देणारा. दगडावर बारीक तपकिरी पाच-सहा पिल्लंही आलीत, ती वाढवून विकता येतील का? मालवण किंवा कारवारच्या खडकांवरून आणखी आणले तर चालेल का? आज्जी म्हणते, जित्या जिवाला चिरतोस, पाप लागेल. काय करू?

— एक वाचक, खानापूर तालुका

*

बाळा, अरे-तुरे करते हं, माझा धाकटा तुझ्याहून मोठा आहे.

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा आज्जीच्या वाक्यावर हसले. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका ओळीशी अडले. ‘मासे मात्र मजेत.’

गोगलगायी गेल्या, कोळंबी गेली, लेदर मिटलं, ॲनिमोन सुकला आणि मासे मजेत पोहतायत. अमोनिया वाढला असता तर मासेही वर येऊन धापा टाकत बसले असते. बिनकण्याचे जीव तेवढे पटापट मरतात आणि माशांना काही होत नाही, तेव्हा माझा पहिला संशय तांब्यावर जातो. आणि तू तर आपल्याच हातानं लिहून दिलंयस की आरओ तांब्याचा आहे.

आपल्या घरांत तांब्याचा हंडा म्हणजे मानाची वस्तू. चिंचेनं घासून लख्ख करायचा, रात्री पाणी भरून ठेवायचं, सकाळी अनशापोटी प्यायचं. माणसाला ते चालतं. ॲनिमोनला, प्रवाळाला, शंखाला, कोळंबीला तेच तांबं विष. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके पडतात त्या रोगावर तांब्याचं औषध घालतात, लिटरला साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅम. परजीवी मरतात, मासा वाचतो. पण ते औषध नेहमी वेगळ्या टाकीत द्यायचं असतं; प्रवाळाच्या टाकीत घातलं तर माशाबरोबर वाचायला दुसरं कुणी उरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. आपण निर्धास्त पितो ते पाणीसुद्धा ह्या जिवांच्या हिशेबानं निर्मळ नाही.

त्यात तू ते एकदाच घातलं नाहीस. तीन फुटी टाकीतून रोज लिटर-दोन लिटर पाणी उडून जातं आणि तू तेवढंच आरओचं पाणी वरून भरतोस. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. तांबं खालीच राहतं. कुंदा करताना दूध आटतं आणि साखर कढईतच राहते, तसं. दिवाळीपासून तू टाकीत तांब्याचा कुंदा आटवतोयस.

म्हणून ब्लेड आज कपाटात ठेव. आधी पाणी.

पाण्यासाठी साधा आरओ हवा, शेवटी मिनरल किंवा तांबं मिसळणारा कप्पा नसलेला, आणि त्याच्यापुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणारी नळी. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, ० आलं पाहिजे. माझ्याकडे बेळगावात नळाला राकसकोप धरणाचं पाणी येतं, चवीला गोड. तरी क्लोरीन असतंच, म्हणून कार्बन, मग आरओ, मग डीआय. तुमच्याकडे बोअरचं असेल तर रेझिन लवकर संपेल, तेवढा खर्च धर. हे पाणी प्लास्टिकच्या डब्यात साठव. हंड्यात नको, कळशीत नको, आणि भरताना मधे पितळी तोटीही नको. पितळ म्हणजे निम्म्याहून जास्त तांबंच. त्यात समुद्री टाक्यांसाठीचं मीठ कालवून घनता १.०२५ ते १.०२६ वर आण. तपमान २५ अंशांच्या आसपास. मग आठवड्याला पाव टाकी असं दीड-दोन महिने पाणी बदल. फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेव आणि तांबं ओढून घेणारं रेझिन मिळतं तेही ठेव. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात, त्यामुळे एका आठवड्यात चमत्कार होणार नाही. खाऱ्या पाण्यासाठीचं तांब्याचं टेस्ट किट मिळालं तर तपासून घे. नाही मिळालं तर महिन्याभरानं दोन गोगलगायी सोड. त्या आठवडाभर काचेवर फिरत राहिल्या तर समज, टाकी माणसांत आली.

आता तुझ्या आनंदाकडे येऊ. ॲनिमोनचे दोन झाले म्हणजे तो खूश आहे, असं तू धरून चाललास. तसं नसतं. बबल टिप दोन कारणांनी फुटतो. एक, पोटभर खाऊन-पिऊन मोठा झाला म्हणून. दुसरं, जिवावर बेतलं म्हणून: एकाचे दोन झाले तर निदान एक तरी वाचेल, असा काहीसा निसर्गाचा हिशेब. तुझा फुटला तो रात्रभर लाईट गेल्यावर तिसऱ्या दिवशी. प्रवाह बंद, प्राणवायू कमी, वर अंगात तांबं. तो वाढला म्हणून फुटला नाही, घाबरून फुटला. पुढच्या वळवाच्या आधी बॅटरीवर चालणारा एक एअर पंप आणून ठेव, अडीअडचणीला तोच उपयोगी पडतो.

आपोआप फुटणं कधी नीट बघितलंयस का? मी एकदा जागून बघितलं. संध्याकाळी त्याचा पाय, म्हणजे खालची चकती, दगडाच्या दोन बाजूंना ताणली गेली. एक बाजू डावीकडे सरकतेय, दुसरी उजवीकडे, भावकीत वाटण्या होताना दोघे भाऊ बांध ओढतात तसं. मधे तोंड लांबट झालं, मग त्याची नुसती फट राहिली. रात्री बाराला मी डोळे चोळत उठले. पहाटे बघते तर दोन ॲनिमोन, एकमेकांकडे पाठ करून, आणि दोघांच्याही अंगावर एक उघडी कड, ब्लाऊजची शिवण उसवल्यासारखी. ती कड आत वळून मिटायला दहा-बारा दिवस लागले. तेवढे दिवस काही भरवायचं नाही. त्यानंतर वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा, आठवड्यातून दोनदा.

तुझ्या धाकट्यालाही सध्या काही भरवू नकोस. क्लाऊन मासे त्याच्यात सारखे लोळत असतील तर त्याच्याभोवती प्लास्टिकच्या जाळीची टोपली उलटी घाल. हे मासे प्रेमानं छळतात. आणि त्यांना ॲनिमोनशिवाय काही अडत नाही. हॅचरीत वाढलेले कित्येक क्लाऊन आयुष्यभर ॲनिमोन बघतही नाहीत.

तू टिपरीचं लिहिलंस ते मला आवडलं, कारण समजवायला ते सोपं पडतं. टिपरीला डोळा लागतो, बरोबर? डोळा नसलेलं कांडं कितीही रसरशीत असलं तरी जमिनीत कुजतं. ॲनिमोनचा डोळा म्हणजे त्याचं तोंड. व्हिडिओतली माणसं ब्लेड बरोबर तोंडातून घालतात, तोंडाचा आणि पायाचा अर्धा-अर्धा भाग दोन्हीकडे येईल असं. तसं झालं तर दोन्ही अर्धे जगू शकतात. पण मला सांग, तुमच्या शेतात बेणं कुठल्या उसाचं घेतात? तांबेरा पडलेल्या, कीड लागलेल्या प्लॉटचं? की बांधावरचा सगळ्यात तरणा, निरोगी ऊस राखून ठेवतात? मग ॲनिमोनच्या बाबतीत हा नियम का विसरलास?

माझा नियम सांगते. ॲनिमोन टाकीत निदान सहा महिने एका जागी चिकटून असावा. फुगल्यावर जेवणाच्या ताटलीएवढा व्हावा. तोंड घट्ट मिटलेलं असावं, आणि बोट लावलं तर बोटाला चिकटावा. एवढं सगळं असलं तरी कापायचं ते वेगळ्या, तयार पाण्याच्या टाकीत, कारण एखादा अर्धा कुजला तर तो रात्रीत सगळ्या टाकीला घेऊन जातो. खरं सांगायचं तर मी आजवर एकही ॲनिमोन कापलेला नाही. पाणी स्थिर ठेवून, नेमानं भरवून माझ्याकडे एकाचे सहा झाले, ते सगळे आपापले. घाई मला कधी परवडली नाही.

त्याचं कारणही सांगून टाकते. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझा पहिला ॲनिमोन नव्या टाकीत घातला. टाकी जेमतेम दोन महिन्यांची. त्याला जागा पसंत पडेना. हे चालतात, ठाऊक असेल तुला, पायानं सरकत सरकत. रात्री तो चालत निघाला आणि सरळ वेव्ह मेकरच्या, म्हणजे पाण्यात प्रवाह आणणाऱ्या यंत्राच्या, पंख्यात गेला. सकाळी उठून बघते तर टाकीचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं, पंख्याच्या जाळीत जांभळट चिंध्या, आणि घरभर असा वास की शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारू लागल्या, “काय करूलालीस गं, मासे सुकत घातलीस काय?” दोन मासे त्यातच गेले. तेव्हापासून माझ्या टाकीत एकही पंखा स्पंजाच्या टोपीशिवाय फिरत नाही. तू आजच घाल. तुझा धाकटा सुकतोय म्हणजे आज ना उद्या चालायला लागेल.

आता हात शिवशिवत असतीलच, तर शिकायला मश्रूम घे. पाणी सुधारल्यावर, लेदर उघडल्यावर, त्याच्या आधी नाही.

मश्रूम हा ॲनिमोनचा चुलतभाऊ, पण फार सोशिक. दगडासकट बाहेर काढ, टाकीतलंच पाणी घेतलेल्या स्टीलच्या पातेल्यात ठेव. दाढीचं कोरं ब्लेड. टोपीच्या मध्यावर बारीक उंचवटा दिसेल, ते तोंड. त्याच्यावरून आरपार एक काप, मग आडवा दुसरा. पुरणपोळीचे चार तुकडे करतो तसं, फक्त प्रत्येक तुकड्याला मध्याचा टोकदार कोपरा आला पाहिजे. कापताक्षणी ते भेंडीसारखा चिकटा सोडतं आणि अंग चोरून नखाएवढं होतं. घाबरू नकोस. इथे सगळे नवखे एकच चूक करतात, फेविक्विक लावतात. चिकट्यावर फेविक्विक धरत नाही, तुकडा सुटून पंख्याकडे जातो. त्यापेक्षा दह्याचा रिकामा प्लास्टिकचा डबा घे, बाजूंना भोकं पाड, तळाशी खडे पसर, तुकडे त्यावर सोड, वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून रबर लाव आणि डबा टाकीत कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात ठेव. दोन-तीन आठवड्यांनी उघड. प्रत्येक तुकडा खड्याला चिकटलेला असेल आणि गोल व्हायला लागला असेल. मग खड्याला फेविक्विक लाव, दगडावर दाब, झालं. जेलचं मिळालं तर उत्तम; ते ओघळत नाही आणि पाण्याखालीही धरतं.

लेदरची गोष्ट वेगळी. ते कात टाकतं. अंगावर मेणचट पापुद्रा येतो, आठवडाभर मिटून राहतं, मग पापुद्रा सुटतो आणि पुन्हा उमलतं. तुझं पंधरा दिवस मिटलंय, त्यात तांब्याचा हात आहेच, पण उगाच हलवत बसू नकोस. बरं झाल्यावर त्याच्या छत्रीची कड कात्रीनं बोटभर कापायची, त्यातून लाकडी टूथपिक आडवी घालायची आणि टूथपिकची दोन्ही टोकं दगडाला रबरानं बांधायची. मला शिवणाची सवय, मी सुईनं साधा सुती दोरा ओवून दगडाला टाका घालते. तुकडा चिकटेपर्यंत दोरा टिकतो, पुढे आपला कुजून पडतो. नायलॉनचा दोरा मात्र मांस कापत जातो. लेदर कापलं की पाण्यात असे रस सोडतं की शेजारचे प्रवाळ मिटून घेतात, म्हणून त्या दिवशी कार्बन नवा आणि थोडं पाणी बदलायचं. वास येतो. खिडकी उघडी ठेव.

झिनिया नावाचा मऊ प्रवाळ कुणी फुकट दिला तर घेऊ नकोस, आपलं काँग्रेस गवत आहे ते. दोन महिन्यांत सगळ्या दगडांवर चढतं.

झोआच्या बाबतीत मी आवाज चढवूनच बोलणार आहे. ती रंगीत बटणं दिसायला निरुपद्रवी, पण झोआ आणि विशेषतः त्यांचे जाडजूड भाऊबंद पॅलिथोआ ह्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ साली हवाईतल्या संशोधकांनी अशाच एका पॅलिथोआतून ते वेगळं काढलं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. दोन बटणांच्या मधल्या चटईतून कापायचं, बटण कधीच चिरायचं नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर गॉगल, तोही वेल्डिंगवाल्यासारखा बाजू झाकणारा, कारण कापताना चिळकांडी उडते ती बरोबर डोळ्याकडे. हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम बंद. स्वयंपाकघरात नाही, विळीवर नाही, पोरं आजूबाजूला असताना तर नाहीच. आणि आपल्याकडे धोंडा स्वच्छ करायचा म्हटलं की कढत पाणी ओततात. झोआ असलेला दगड उकळायचा नाही, त्याच्यावर कढत पाणीही ओतायचं नाही. त्या वाफेनं सबंध घरं आजारी पडल्याच्या घटना परदेशात घडल्यात. काम केल्यावर तोंडात कडू, धातूसारखी चव आली, धाप लागली, थंडी वाजून ताप आला किंवा डोळा चुरचुरायला लागला, तर ‘बघू सकाळी’ न म्हणता डॉक्टरकडे जा आणि कशाला हात लावला होता ते स्पष्ट सांग. झोआ नाव ऐकून डॉक्टर गोंधळले तर पॅलिटॉक्सिन हा शब्द कागदावर लिहून दे.

तुझी ‘पिल्लं’. बाळा, बबल टिपला अशी बारीक पिल्लं दगडावर होत नाहीत. तपकिरी, लांब पारदर्शक बोटांची, हात लावायला गेलं की सर्रकन भोकात जाणारी, अशीच आहेत ना? ती ऐप्टेशिया. तोही ॲनिमोनच, पण टाकीतलं हरळीचं बेट. चिमट्यानं चिरडलास तर पायाचा जो कण मागे राहील त्यातून नवं उगवतं. खुरपणीत हरळीची कांडी तोडून टाकली तर काय होतं, ते तुला सांगायला नको. ह्याच्यावर उपाय चुन्याचा. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साईड रसायनांच्या दुकानात मिळतं; थोड्या पाण्यात दाट कालवून बिनसुईच्या किंवा बोथट सुईच्या सिरिंजनं अगदी हळू त्याच्या तोंडावर सोडायचं. पंप पाच-दहा मिनिटं बंद. दिवसाला तीन-चारच मारायचे, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो. आज्जीच्या चंचीतला चुना वापरू नकोस, त्यात कात-तंबाखूचे कण असतात. पेपरमिंट कोळंबी ह्यांना खाते, पण पाण्यात तांबं असताना तिला घालणं म्हणजे तिचा बळी देणं.

मालवण, कारवार. नाही. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलायचं नाही. कारवारला काळी नदी समुद्राला मिळते, पावसाळ्यात किनाऱ्याच्या पाण्याचा खारेपणा बराच उतरतो. तिथल्या खडकांवरचे ॲनिमोन ऊन, चिखल, भरती-ओहोटी सोसणारे, तुझ्या टाकीच्या ठरावीक दिनक्रमात ते टिकत नाहीत. आणि दगडी प्रवाळ, म्हणजे ज्यांचा सांगाडा चुन्याचा ते सगळे, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. समुद्रपंखे, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप हेही त्यातच. तोडणं, बाळगणं, विकणं, सगळं गुन्हा. मेलेला तुकडासुद्धा. म्हणून मी वर फक्त मऊ जातींबद्दल लिहिलं. हा कायदा केंद्राचा, तेव्हा बेळगाव असो, पणजी असो की कोल्हापूर, नियम एकच. सीमाप्रश्नाचा फायदा इथे मिळत नाही. दुकानदार ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातून काढलेला दगड देत असेल तर त्यालाही नको म्हण. कोरडा, बनवलेला दगड घे. ॲनिमोन घेतानाही नीट बघ: मला एकदा एका दुकानात पिवळाधमक ॲनिमोन मोठ्या कौतुकानं विकला होता, चार पाणी बदलांत रंग धुऊन गेला आणि खाली पांढराफटक, आतलं शैवाल मेलेला जीव निघाला. ह्यांचं निम्मं-अधिक जेवण त्या शैवालाकडून येतं. शैवाल गेलं की ॲनिमोन उपाशी.

विकायचं म्हणतोस तर पहिले दहा तुकडे फुकट वाट. खरंच. ते कुणाकडे जगतात, कुणाकडे मरतात, तेवढ्यात तुझं शिक्षण होईल. कापल्यापासून महिना झाल्याशिवाय तुकडा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. जखम भरलेली, खड्याला घट्ट, दिव्याखाली पूर्ण उघडणारा, एवढं बघायचं. खानापूर ते बेळगाव तासाभराचा रस्ता, दुहेरी पिशवी आणि थर्माकोलचा डबा पुरतो. झोआ देताना विषाचं सांगून दे. नाही सांगितलंस आणि कुणाच्या लेकराच्या डोळ्यात उडालं, तर ते पाप आज्जी म्हणते त्याहून मोठं.

आज्जीला एक गोष्ट वाचून दाखव. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली सर जॉन डॅलियेल नावाच्या निसर्ग अभ्यासकानं किनाऱ्यावरून एक छोटा लाल ॲनिमोन आणून काचेच्या बरणीत ठेवला. तो माणूस १८५१ साली वारला, ॲनिमोन जगला. बरणी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली, लोक समुद्राचं पाणी बदलत राहिले, आणि तो १८८७ सालापर्यंत होता. त्या जातीला तोंडातून पिल्लं होतात. त्याला शेकड्यांनी झाली, कुणीही न चिरता. त्याचं नाव लोकांनी ठेवलं होतं ‘ग्रॅनी’. म्हणजे आज्जीच.

दोन महिन्यांनी मला तीन गोष्टी लिहून कळव: टीडीएस किती आला, गोगलगायी फिरतात का, लेदर उघडलं का. आणि तुमच्याकडे कुणाची कौलांची भट्टी ओळखीची असेल तर एक काम कर. रुपयाएवढ्या, खाली शेंडी असलेल्या मातीच्या चकत्या शंभरेक भाजून घे, तुकडे चिकटवायला प्लग म्हणून ज्या छोट्या चकत्या विकत मिळतात, त्यांच्यापेक्षा ह्या बऱ्या. महिनाभर खाऱ्या पाण्यात मुरवून मग वापरायच्या. पण बिनझिलईच्याच घे. झिलईचा तो सुंदर हिरवा रंग पुष्कळदा तांब्यानंच आणलेला असतो.